रुखवतातला डबा

चंदीगडला बदलून आलेल्या स्क्वाड्रन लीडर गुरुनाथ इनामदारांनी रविवारी आपल्या डिझेल जीपचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतला, कारण मेकॅनिकला काही कळत नाही हे त्यांचं जुनं मत. काढलेले बोल्ट हरवू नयेत म्हणून ते त्यांनी बायकोच्या रुखवतातल्या स्टीलच्या डब्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवले.

सुनेत्रा लाडवांसाठी सकाळपासून तोच डबा शोधत होती. "मला काय माहीत? तुझ्या स्वयंपाकघरात मी पाऊल तरी टाकतो का?" असं म्हणत गुरुनाथांनी डबा गुपचूप शेजारच्या संधूंच्या कुंपणाखाली सरकवला आणि हात धुऊन ते जेवायला बसले.

पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस; बेवारशी ट्रान्झिस्टर दिसला तरी त्यात बॉम्ब असेल म्हणून लोक पळायचे. मिसेस संधूंनी डबा पाहिला आणि थेट पोलिसांना फोन लावला. तासाभरात सगळी गल्ली समोरच्या पार्कात उभी होती. गुरुनाथ सगळ्यांच्या मागे. त्यांना बॉम्बची भीती अजिबात नव्हती.

बॉम्बवाल्यांनी लांबून दोरीनं डबा ओढला. तो कलंडला आणि काळेकुट्ट बोल्ट रस्त्यावर घरंगळले. इन्स्पेक्टरनं झाकण उचललं आणि त्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. "ये सुनेत्रा कौन है जी?"

 

सुनेत्रानं बोल्ट पाहिले, मग मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "डिब्बा मेरा है जी. बम बनानेवाला वो पीछे खड़ा है."