अर्जातली एकच जागा

“माझ्या दुकानाचं नाव काढलं! माझ्या!”

अण्णांनी इस्त्री टेबलावर अशी आदळली, की हँगरला लटकलेले कोट जागच्या जागी दचकले.

“कुणी?” मागे बटणं लावत बसलेल्या बायकोनं मान वर न करता विचारलं.

“कुणी म्हणजे? तुझ्या लाडक्या लेकीनं!”

अण्णांच्या रागाची ख्याती अशी, की त्यांच्या लाँड्रीला विजेचं बिल निम्मंच येतं, बाकीच्या इस्त्र्या ते डोक्यावर तापवून घेतात, असं गिऱ्हाइकं सांगत. त्यातलं निम्मं तरी खरं असावं.

प्रकरण होतं लेकीच्या अर्जाचं. एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायला माणूस हवं होतं, आणि त्या नोकरीवर लेकीचा जीव जडला होता. हॉटेलवाल्यांची अट एवढीच, की सुरुवातीच्या दिवसांतलं एकच काम लिहा, पण नीट लिहा. लेकीनं तशी तीन कामं केली होती. विमानाच्या तिकिटांची खिडकी, बँकेचं काउंटर, आणि त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, बापाची लाँड्री. कुठलं ठेवावं म्हणून ती दोन दिवस पेन्सिल चावत बसली होती.

“त्यात विचार कसला करतेस? बापाचं दुकान लिही,” अण्णांनी तेव्हाच बजावलं होतं.

“मला ठरवू द्या ना, अण्णा,” एवढंच ती म्हणाली होती.

आणि आज सकाळी टायपिंगवाला कोट न्यायला आला, तो दात काढतच. “अण्णा, काय ती पोरीची खोडाखोड! हे काढा, ते ठेवा, नको, तेही काढा! शेवटी तुमच्या दुकानाचं नाव काढलं बघा तिनं!”

त्याला पुढं आणखी काही बोलायचं होतं. पण अण्णांनी त्याचा कोट बिनइस्त्रीचाच त्याच्या अंगावर भिरकावला आणि त्याला पिटाळून लावलं.

“अहो, विमानबिमान शोभून दिसतं कागदावर,” बायको म्हणाली. “लाँड्री लिहून काय सांगणार ती? डाग कसे काढले ते?”

“म्हणजे मीच डाग झालो आता! त्या वकिलाच्या शर्टाची कॉलर जळाली, तेव्हा त्याला कुणी शांत केलं?”

“तिनं. तुम्ही त्याच्या अंगावर धावून गेला होतात.”

“आणि नवरदेवाचा सूट मी भलत्यालाच दिला, तेव्हा?”

“तेव्हाही तिनंच. बिचारा जाताना उलट आभार मानून गेला.”

“मग! कुठं शिकली ती हे? विमानात? गिऱ्हाइकांना चिडवायला इथं मी होतो, म्हणून तिला समजूत घालायला मिळाली!”

मुद्दा बिनतोड होता. बायकोनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला.

“मी हॉटेलमधून बोलतेय,” पलीकडून एक बाई म्हणाल्या. “तुमच्या मुलीबद्दल थोडी चौकशी करायची होती.”

अण्णांनी फोनवर हात दाबला. “बघ! बापाचा नंबर चालतो, बापाचं दुकान चालत नाही!”

“जपून बोला हो,” बायको कुजबुजली. “जीव टाकलाय पोरीनं या नोकरीसाठी. तुमच्या तोंडापायी घालवू नका.”

“तिनं कधी तुमच्या लाँड्रीत काम केलंय का?” बाईंनी विचारलं.

अण्णांची कानशिलं तापली. हो म्हणावं, तर पोरगी लपवाछपवी करताना पकडली जाणार. नाही म्हणावं, तर काउंटरमागची तिची ती सगळी वर्षं आपल्याच हातानं पुसायची. पण तिनं तरी दुसरं काय केलं होतं? तिला नकोत, तर आपल्याला कशाला हवीत!

“माझ्या लाँड्रीत? छे हो!” अण्णा कडाडले. “एक दिवस फिरकली नाही ती इकडे! साध्या रुमालाची घडी येत नाही तिला!”

“नक्की?”

“बाप आहे मी तिचा. मला ठाऊक नसणार, तर कुणाला?”

बोलून टाकलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं डोकं निवलं. राग काढून झाला होता, वर लेकीची लाजही राखली होती. त्यांनी बायकोकडे बघून ऐटीत भुवई उडवली.

“ठीक आहे,” बाईंचा आवाज एकदम कोरडा झाला. “मग तिला म्हणावं, उद्या मुलाखतीला यायची गरज नाही. अर्जातल्या त्या एकाच जागेत तिनं तुमचीच लाँड्री लिहिली होती.”