पहिला प्रश्न आडनावाचा

शिरूरमध्ये भाड्याच्या खोल्या मिळवून देणाऱ्या इंद्रजीतसाठी सम्राटनं पायथनमध्ये व्हॉट्सॲपचा बॉट बनवला. त्याचं हे पहिलंच काम होतं.

"सर, पहिला प्रश्न आडनावाचा टाका," म्हणत इंद्रजीतनं वीसेक आडनावांची यादी दिली. "यातलं कुणी आलं, की खोली शिल्लक न्हाई म्हणायचं. घरमालक ऐकत न्हाईत."

सम्राटनं यादी बॉटमध्ये भरली.

बॉट सुरू झाला तसा इंद्रजीत खूश झाला. "लोकांच्या तोंडावर खोटं बोलायचं टळलं बघा! आन् सर, तुम्ही रोज न्हावऱ्यावरनं एसटीनं कशाला येता? बॉटवर नाव टाका, आजच खोली मिळंल."

सम्राट न्हावऱ्याची एसटी गाठायला निघाला.



बॉट नीट चालतोय का, हे त्यानं सकाळीच स्वतःचं आडनाव टाकून पाहिलं होतं. अगदी नीट चालत होता.