राहिलेली बाही

"अरे, हा मी! चष्मा बघ, चष्मा!" ढापण्या ओरडला आणि सोफ्यावरून उठून थेट टीव्हीला जाऊन चिकटला.

कॅप्टनने चित्र थांबवलं होतं. तो काही खराखुरा कॅप्टन नव्हे, बँकेत नोकरी करायचा. पण या ॲनिमेशन मालिकेतला शब्दन् शब्द त्याला पाठ होता आणि रिमोटला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नसे. पडद्यावर सूर्य विझत चाललेला ग्रह, गुडघाभर बर्फ आणि शेवटच्या यानाकडे निघालेली माणसांची रांग. मालिका काढणाऱ्यांनी चाहत्यांचे फोटो मागवले होते आणि रांगेतला एकेक चेहरा त्यावरून काढला होता. त्यामुळे इतक्या वर्षांच्या गोष्टीचा शेवट आला तरी रडायचं सोडून सगळे आपापली थोबाडं शोधत बसले होते.

धाकटी तेवढी गप्प होती. मालिकेचं वेड मुळात तिच्या दादाचं. हे दोघे त्याचेच मित्र. मिसरूड फुटायच्या वयात एका संध्याकाळी "आलोच" म्हणून तो घरातून बाहेर पडला तो आलाच नाही. मित्र मात्र येत राहिले आणि सोफ्यावरच्या त्याच्या जागेवर धाकटी बसायला लागली.

फोटो पाठवायच्या वेळी आई म्हणाली होती, "त्याचाही पाठव ना गं." धाकटी तिच्यावर खेकसली होती. त्या यानात चढलेलं कुणी परत येत नाही, हे मालिका पाहणारं शेंबडं पोरही सांगेल. दादाला त्यात चढवायचं म्हणजे तो गेला असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. तिने फक्त स्वतःचा पाठवला.

"ही बघ, तू!" कॅप्टन म्हणाला. "पण तुझं लक्ष कुठेय?"

रांगेतले सगळे दाराकडे बघत होते. धाकटी एकटी मान वळवून मागे बघत होती.

"मी तर समोरून काढलेला फोटो पाठवला होता," ती म्हणाली.

"काढणाऱ्याला आली असेल हुक्की," म्हणत कॅप्टनने चित्र पुढे सोडलं.

रांग संपत आली. भोंगा वाजला, यानाचं दार मिटायला लागलं. तेवढ्यात मागून, बर्फ तुडवत, कुणीतरी धावत आला. धाकटीने कॅप्टनच्या हातातला रिमोट हिसकावला आणि बटण दाबलं.

डाव्या भुवईवर व्रण. पळताना एक खांदा खाली. तो दादा होता. फक्त आता त्याला दाढी होती, डोळ्यांखाली रेघा होत्या. असा त्याचा एकही फोटो या घरात नव्हता. कुठल्याच घरात नव्हता.

"कुणी पाठवला?" धाकटीने विचारलं.

"आईशपथ, मी नाही," कॅप्टन म्हणाला.

"एकासारखी सात माणसं असतात म्हणे जगात," ढापण्या म्हणाला, पण टीव्हीपासून दोन पावलं मागे सरकत. मग उगाच हसला. "आणि हे काय? स्वेटरला एकच बाही? चित्रकार झोपला होता वाटतं."

खरंच, हिरवा स्वेटर, छातीवर करडा पट्टा, डावी बाही मनगटापर्यंत, आणि उजवा हात खांद्यापासून उघडा. त्या हातावर बर्फ साचला होता.

"झाला का रे शेवट?" आतल्या खोलीतून आई आली. चालता चालता विणायची तिची जुनी सवय. तिच्या हातातला स्वेटर तिघांनीही एकदमच पाहिला. हिरवा होता. छातीवर करडा पट्टा. डावी बाही झाली होती, उजवी अजून घ्यायची होती.

धाकटीला आईला आत न्यायचं होतं, टीव्ही बंद करायचा होता, पण तोवर आईची नजर पडद्यावर गेली होती.

आईने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. ना किंचाळली, ना रडली. पुढे होऊन तिने तो अर्धा स्वेटर पडद्याला लावला, खांद्याला खांदा जुळवला, आणि टीव्हीच्या काचेवरून वीत फिरवली.

"बाही लांब घ्यावी लागणार," ती म्हणाली. "उंच झालाय."

"काकू, पुढे बघू या का?" कॅप्टनने चाचरत विचारलं. "चढतो की राहतो, ते तरी..."

धाकटीचा अंगठा बटणावर होता. चढला तर परत येणार नाही. राहिला तर बर्फात गोठेल. इतकी वर्षं तिला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आज ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"पुढे नको नेऊस गं," आई टीव्हीसमोर जमिनीवरच बसली. उघड्या खांद्यापाशी टाके उचलू लागली. "एवढी बाही होऊ दे. तोवर त्याला तिथेच धरून ठेव."

सुया चालू लागल्या. आईची पहिली ओळ पूर्ण झाली तेव्हा ढापण्याने कॅप्टनचं मनगट घट्ट धरलं आणि नुसतंच पडद्याकडे बोट दाखवलं.

थांबलेल्या चित्रात, त्या उघड्या खांद्यावर, एक बारीक हिरवी कड आली होती.

धाकटीने अंगठा बटणावरून अलगद उचलला. घरंगळत सोफ्याखाली गेलेला लोकरीचा गुंडा काढला आणि आईच्या मांडीशी नेऊन ठेवला.

"लवकर विण," ती म्हणाली.