तीन फूट खोल चर

घरामागच्या तरणतलावात पडणारी पंपाची धार बारीक झाली आणि तिच्यात बुडबुडे दिसू लागले, तेव्हा तंत्रनिकेतनाच्या निवृत्त प्राचार्यांनी कागदावर गणित मांडून जमिनीखालचा पाइप फुटल्याचे सिद्ध केले. "अहो, आधी पंपाचं झाकण तरी बघा. त्याची रबरी रिंग सुकलेली दिसतेय," असे पत्नीने सुचवले होते. "हे पातेल्याचं झाकण नव्हे," असे म्हणून त्यांनी तिच्या आठ वर्षांच्या गुलाबांमधून तीन फूट खोल चर खणवला. उघडा पडलेला पाइप चांगला धडधाकट निघाला.

अखेर प्लंबरला बोलवावे लागले. त्याने चालू पंपाच्या झाकणाभोवती मगभर पाणी ओतले. ते कडेने आत ओढले गेले आणि तलावातले बुडबुडे थांबले.

"सर, रिंग गेलीय. इथून हवा आत जातेय. दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो, हळू बोला!" प्राचार्य कुजबुजले.

तेवढ्यात पत्नी चहा घेऊन मागच्या दाराशी आली. "काय हो, सुटलं का गणित? की उरलेले गुलाबही उपटू?"

प्लंबरने एकवार त्या गुलाबांकडे पाहिले, एकवार प्राचार्यांकडे. मग त्याने पंप बंद केला, करवत उचलली आणि चरात उतरून खालच्या आवाजात विचारले,

"सर, पाइप नेमका कुठं फुटलेला हवाय?"