जोतीरामच्या फोटोचा हार

दुष्काळ सरला त्या वर्षी कोरेगावजवळ हंबीररावांच्या घरात सिनेमावाले उतरले. माजघराची शेणामातीची भिंत त्यांनी निळी केली, चूल उचलून परड्यात नेली, आणि हंबीरराव स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे बसून कौतुकानं बघत राहिले.

त्यांची बायको राहीबाई रानातून आल्या, तेव्हा त्या निळ्या भिंतीवर त्यांच्या जोतीरामचा लष्करी वेषातला फोटो होता आणि फोटोला झेंडूचा हार होता.

"माझं पोरगं जित्तं हाय काश्मिरात! हार कुणी घातला?"

"बाई, सिनेमातल्या आईनं रडायचं कशावर? कागदाचा तर आहे," दिग्दर्शक हसला. हंबीररावही हसले.

राहीबाईंनी हार ओरबाडून चुलीत घातला.

सिनेमावाले गेले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फोटोखाली झेंडूच्या पाकळ्या पडू लागल्या. त्या कागदाच्या नव्हत्या. ओल्या होत्या.

"वाऱ्यानं येत असतील," हंबीरराव म्हणायचे.

"आवं, गावात झेंडू हाय कुठं?" म्हणत राहीबाई त्या झाडून काढायच्या.

जोतीराम सुट्टीवर आला, त्या सकाळी मात्र एकही पाकळी नव्हती. राहीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

तो आत आला, निळ्या भिंतीसमोर उभा राहिला आणि लहानपणी भूक लागल्यावर बोलायचा तशा आवाजात म्हणाला,

"आये, आज हार घालायला इसरलीस व्हय?"