पलीकडे पाय टेकेपर्यंत

पहिल्या वीस मिनिटांत एकोणचाळीस जणांनी रस्ता ओलांडला. मोजणीवाल्या बाईने हातातल्या यंत्रावरचा आकडा पुन्हा पाहिला आणि मनातल्या मनात त्याची तिप्पट केली. एकशे सतरा. तासाला दीडशे भरले नाहीत तर इथे सिग्नल मिळणार नव्हता, आणि मोजणीला पाच ते सहा हा एकच तास मंजूर होता.

शिंपी तिच्या स्टुलाशेजारी उभा होता. गळ्यात टेप, खिशाच्या काठाला टोचलेल्या दोन सुया. दीड वर्षापूर्वी त्याची बायको इथेच गाडीखाली आली, तेव्हापासून या मोजणीसाठी तो पालिकेच्या ऑफिसात चपला झिजवत होता. दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. आज ते चारलाच बंद करून तो इकडे येऊन थांबला होता.

"किती झाले, ताई?"

"कमी आहेत, काका. लोक इथून जातच नाहीत फारसे."

"कशाला जातील? जिवावर उदार झालेलाच जाईल. आमची अख्खी गल्ली आता पुलाखालून वळसा घालून जाते."

तो म्हणत होता ते खरं होतं, पण भीतीने न आलेल्यांसाठी तिच्या कागदावर रकाना नव्हता.

एक सायकलवाला खाली उतरला, सायकल हाताने ढकलत मधोमध गेला, दोन्हीकडून गाड्या आल्या तसा जीव मुठीत धरून मागे फिरला. बाईने बटण दाबलं नाही.

"हा नाही धरला?" शिंप्याने विचारलं.

"पलीकडच्या फुटपाथवर पाय टेकल्याशिवाय दाबायचं नाही, काका. अर्ध्यातले धरत नाहीत."

शिंपी रस्त्याच्या मध्यावर बघत राहिला. "म्हणजे आमच्या हिलाही धरलं नसतं तुम्ही. तेवढ्यापर्यंतच पोचली होती ती."

बाईला त्याच्याकडे बघवेना. तिने कागद चाळल्यासारखं केलं, आणि मग जे बोलायची तिला काही गरज नव्हती, ते बोलून गेली.

"काका, यात लिहिलंय की किती वेळा रस्ता ओलांडला गेला ते मोजा. किती माणसं, असं नाही लिहिलेलं."

शिंप्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अपुऱ्या कापडातून पूर्ण बाह्या काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एवढी जागा पुरते. त्याने टेप काढून तिच्या स्टुलाच्या कडेवर ठेवला, हात वर केला आणि रस्त्यात पाऊल टाकलं.

तो पलीकडे गेला. बाईने बटण दाबलं. तो परत आला, तिने पुन्हा दाबलं. दहाव्या खेपेला त्याचा शर्ट पाठीला चिकटला. अठराव्या खेपेला एका स्कूटरवाल्याने ओरडून विचारलं, "अहो, एकदा ठरवा की कुठे जायचंय ते!" घाण्याच्या बैलाला निदान हॉर्न तरी ऐकावे लागत नाहीत. पंचविसाव्या खेपेला बसचा आरसा त्याच्या कानाजवळून गेला, आणि बाई स्टुलावरून उठली ती पुन्हा बसलीच नाही. मधोमध तो अडकला की तिचा श्वास अडकायचा, आणि बटणाबरोबर सुटायचा. पुरे करा म्हणावं असं तिला दर वेळी वाटत होतं. दर वेळी ती आकडा बघत होती.

सहा वाजले. एकशे त्रेपन्न. त्यातल्या छत्तीस खेपा एकट्या शिंप्याच्या.

तो फुटपाथच्या कडेवर बसला आणि धापा टाकत हसला. बाईही हसली. तिने सुवाच्य अक्षरात आकडा भरला, खालच्या रकान्यात या तासातले अपघात म्हणून शून्य लिहिलं आणि सही केली.

सव्वासहाला पालिकेतल्या साहेबांची गाडी आली. साहेबांनी काच खाली करून कागद घेतला.

"वा, भरले की दीडशे!"

शिंपी गुडघ्यावर हात टेकून उठला. साहेबांचं बोट मात्र खाली सरकत शून्यापाशी थांबलं.

"पण मॅडम, ऐन गर्दीच्या तासाला दीडशेच्या वर लोक गेले आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणजे नीटच चाललंय की सगळं. यावर सिग्नल मागितला तर वरचे मलाच वेड्यात काढतील."

"साहेब, त्यातले छत्तीस..." बाई म्हणाली आणि थांबली. खरं सांगितलं तर दीडशेही हातचे जात होते. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली, मग कागद मागच्या सीटवर टाकला. काच वर गेली. गाडी वाहनांत मिसळली.

शिंपी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"चुकलंच आपलं, ताई," तो म्हणाला. "मी जरा जास्तच सांभाळून चाललो."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने टेप त्याच्या हातात दिला. त्याने तो गळ्यात अडकवला. दुकान उघडायचं होतं, आणि दुकान पलीकडे होतं. ऑफिसं सुटली होती आणि गाड्यांना खंड नव्हता.

त्याने हात वर केला आणि खाली उतरला.

मोजणी केव्हाच संपली होती. तरी बाईचा अंगठा बटणावर होता. तिची नजर त्याच्या चपलांवर होती, आणि तो अजून मध्यावरच होता.