एकच चटई

चर्चच्या सेवेसाठी सामोआत आलेल्या आम्हा म्हातारा-म्हातारीच्या गाडीखाली सापडून काल गावच्या प्रमुखाची मुलगी गेली. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही पहाटेपासून त्याच्या घरापुढे गुडघे टेकून होतो, दोघांच्या डोक्यावर एकच चटई. बापानं ती उचलली तर माफी, नाहीतर कुऱ्हाड. “अहो, पाय बधिरले माझे,” मी कुजबुजले. “चर्चमध्ये तासभर टेकतेस की! आपलं ठरलंय, काल मी गावाला सांगितलं तेवढंच बोलायचं,” हे पुटपुटले. खडीवर पावलं वाजली आणि जवळ येऊन थांबली. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. चटई वर गेली, डोळ्यांत ऊन शिरलं. बापाचे हात रिकामे होते. त्यानं ह्यांना उठवून छातीशी धरलं. “बाबा, तुम्हाला दिसलीच नसेल हो ती,” तो हुंदका देत म्हणाला. मग तो मला उठवायला वळला. मी चटई ओढून पुन्हा डोक्यावर घेतली. “गाडी मी चालवत होते.”